मराठी मजकुरासाठी शब्दपूर्ती: एडिटरमध्ये ती फंक्शनल पद्धतीने कशी बसवावी

नागपूरला सीताबर्डीत माझ्या काकूंचे मराठी टंकलेखनाचे दुकान आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांतले संत्रा बागायतदार तिथे अर्ज लिहून घ्यायला येतात. आंबिया बहाराची फळगळ झाली, पंचनामा झाला नाही, विम्याचा दावा अडकला, असे त्यांचे विषय असतात. त्यामुळे ‘नुकसानभरपाई’, ‘बागायतदार’, ‘प्रतिज्ञापत्र’ असे लांबलचक शब्द एकाच पानावर पुन्हा पुन्हा टाइप करावे लागतात. एकदा काकू मला म्हणाल्या, “बाबू, एका अर्जात दहादा ‘नुकसानभरपाई’ लिहा लागते. एकदा लिहिलेला शब्द मशीनला आठवत नाही का?”

शब्द आठवून पुरा करण्याची ही सोय, म्हणजे शब्दपूर्ती, नवी नाही. इमॅक्स या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, ती ‘डायनॅमिक ॲब्रिव्हिएशन’ या नावाने आहे आणि विम या दुसऱ्या एडिटरमध्ये कंट्रोल-एन व कंट्रोल-पी या कळांवर आहे. शब्दाची सुरुवात लिहावी, कळ दाबावी, आणि त्याच दस्तऐवजात आधी आलेला तसा शब्द पुढे उमटावा. तो नको असेल तर पुन्हा कळ दाबून पुढचा पर्याय घ्यावा, एवढेच तिचे काम. हे काम आपण स्वतःच्या एडिटरमध्ये हास्केल या फंक्शनल भाषेत कसे करावे, ते मी इथे सांगणार आहे. फंक्शनल पद्धतीत साठवलेले मूल्य बदलत नाहीत, जुन्या मूल्यावरून नवे मूल्य देणारी फंक्शने लिहितात. ओकॅमल, एफ-शार्प किंवा स्कीममध्येही आराखडा हाच राहील. खाली फंक्शनांची नावे समजण्यासाठी मराठीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीत ठेवावीत.

मजकूर आणि कर्सर

सुरुवात मजकुराच्या मांडणीपासून करावी, कारण ती नीट बसली की पुढची निम्मी फंक्शने एकेका ओळीची होतात. मजकुराचे कर्सरपाशी दोन भाग करावेत. कर्सरच्या उजवीकडचा भाग आहे तसा ठेवावा आणि डावीकडचा भाग उलटा ठेवावा, म्हणजे कर्सरला अगदी लागून असलेले चिन्ह लिस्टच्या डोक्याशी येते.

स्थिती = (डावा, उजवा)

या रचनेला झिपर म्हणतात. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी १९९७ साली एका छोट्या लेखात ती मांडली. ‘नुक’ लिहून कर्सर तिथेच असेल, तर डाव्या भागाच्या डोक्याशी क, मग उकाराची मात्रा, मग न अशी चिन्हे असतात. नवे चिन्ह लिहिणे म्हणजे डाव्या लिस्टच्या डोक्यावर ते ठेवणे, आणि पुसणे म्हणजे डोके काढून टाकणे. दोन्ही कामांना मजकुराच्या लांबीशी काही देणेघेणे राहत नाही. उलटा ठेवलेला भाग मात्र पडद्यावर तसाच कधी दाखवू नये, कारण मात्रा भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. दाखवण्याआधी तो सुलटा करून घ्यावा.

आता अर्धवट शब्द शोधणे सोपे आहे. डाव्या भागातून शब्दात बसणारी चिन्हे जोवर मिळत आहेत तोवर घ्यायची आणि उलटायची:

सुरुवात (डावा, उजवा) = उलट (जोवर_घे शब्दवर्ण डावा)

निवडलेला शब्द बसवणारे फंक्शनही याच घडणीचे आहे. जुनी सुरुवात सोडून द्यायची आणि तिच्या जागी पूर्ण शब्द ठेवायचा (‘++’ म्हणजे दोन लिस्ट एकापुढे एक जोडणे):

बसव शब्द (डावा, उजवा) = (उलट शब्द ++ जोवर_सोड शब्दवर्ण डावा, उजवा)

इथे उरलेले शेपूट जोडण्याऐवजी पूर्ण शब्द नव्याने बसवला आहे, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे ‘दुसऱ्या’ या शब्दापाशी येईल.

शब्दात काय बसते

वरच्या दोन्ही ओळींत ‘शब्दवर्ण’ हे फंक्शन आले आहे. एखादे चिन्ह शब्दाचा भाग आहे की नाही, याचे उत्तर ते हो किंवा नाही असे देते. इंग्रजीसाठी लिहिलेली बहुतेक उदाहरणे इथे हास्केलच्या प्रमाण लायब्ररीतले ‘इज-अल्फा’ वापरतात. ते मराठीला वापरून पाहावे. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी सहा चिन्हे साठवलेली असतात. युनिकोड हे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण आहे. त्याच्या वर्गवारीत न, ग, प, र ही अक्षरे आहेत, पण काना आणि ऊकार ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात, आणि इज-अल्फा फक्त अक्षरांनाच हो म्हणते. परिणामी एका ‘नागपूर’चे ‘न’, ‘गप’ आणि ‘र’ असे तीन तुकडे होतात. काकूंच्या एका अर्जावर मी पहिली आवृत्ती चालवली तेव्हा पर्यायांच्या यादीत असले तुकडेच तुकडे आले होते.

म्हणून शब्दवर्णाची व्याख्या आपण स्वतः करावी. हास्केलमधल्या ‘जनरल-कॅटेगरी’ या फंक्शनला चिन्हाचा वर्ग विचारावा आणि अक्षरांचे सर्व वर्ग व मार्कचे सर्व वर्ग शब्दात धरावेत. अनुस्वार, विसर्ग, हलन्त, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि सगळ्या मात्रा मार्कमध्ये येतात, त्यामुळे त्यांची वेगळी यादी करण्याची गरज पडत नाही. याखेरीज दोन अदृश्य चिन्हे शब्दात धरावी लागतात: अक्षरे जोडणारे शून्य रुंदीचे जोडक आणि ती सुटी ठेवणारे शून्य रुंदीचे विलगक. ही दोन्ही ना अक्षर आहेत ना मार्क, पण मराठी शब्दाच्या मध्यभागी ती येऊ शकतात.

देवनागरीचा पूर्ण पट्टाच, म्हणजे युनिकोडमधल्या ०९०० ते ०९७एफ (हे क्रमांक सोळाच्या पायातले) या १२८ जागा, शब्दात धरावा असा सल्ला कधीकधी वाचायला मिळतो. तो घेऊ नये. दंड आणि दुहेरी दंड याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे जुन्या पोथीतला किंवा हिंदी मजकूर आला की ‘है।’ असे दंड चिकटलेले शब्द यादीत शिरतात. वर्गवारीने गेल्यास दंड विरामचिन्हांत मोडतो आणि आपोआप बाहेर राहतो.

देवनागरी अंकांचा निर्णय मी मुद्दाम वेगळा घेतला. अंक अक्षरांत किंवा मार्कमध्ये मोडत नाहीत आणि मी त्यांना शब्दात घेतलेही नाही. गट क्रमांकाचे पहिले दोन अंक लिहिल्यावर एडिटरने शेजारच्या शेतकऱ्याचा गट क्रमांक पुरा करून दिला, तर ती चूक शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा फार महाग पडते. ज्यांना अंकमिश्रित नावे लिहावी लागतात, जसे की प्रोग्राम लिहिणारे, त्यांनी अंक जरूर धरावेत.

आणखी एक छोटी अट आहे. शब्दाचे पहिले चिन्ह अक्षरच असले पाहिजे; नुसती मात्रा किंवा एकटे जोडक म्हणजे शब्द होत नाही.

जुळवण्याआधी फोडा

मराठीत शब्दपूर्ती बसवताना सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो, आणि जिथे ही सोय मराठीत नीट चालत नाही तिथे बहुधा हाच भाग वगळलेला असतो. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळ्या चिन्हांनी साठवलेले असू शकतात.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, म्हणजे ०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त आणि मग अदृश्य जोडक असते. दोन्ही लिखाणे एकसारखी दिसतात, पण चिन्हाला चिन्ह लावून पाहिली तर ती जुळत नाहीत, आणि युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. तीच गोष्ट ‘ॲप’ची आहे. ॲ हे ०९७२ या जागेवर एकच चिन्ह आहे, पण पुष्कळ मजकुरात तो अ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला सापडतो. जुन्या फाँटमधून बदलून आणलेल्या फायलींत ऑ हे अक्षरही आ आणि चंद्र असे येते.

जोडक काढून टाकले की प्रश्न मिटेल, असे सुरुवातीला वाटते. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. जोडक लावून लिहिलेल्या मजकुरात या दोहोंतला फरक त्या एका अदृश्य चिन्हावर उभा असतो. आचार्यांना दिलेले मानधन आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी एकाच नोंदीखाली जाऊ देणे योग्य नाही. तेव्हा जोडक ठेवावेच लागते.

मग दोनांपैकी कोणते रूप प्रमाण मानावे? मी आधी जोडलेले रूप निवडले होते. मजकूर एनएफसी या जोडीव सामान्य रूपात आणायचा आणि र, हलन्त, जोडक ही तीन चिन्हे दिसली की त्यांचे ऱ आणि हलन्त करायचे. पूर्ण शब्दांची तुलना यात बिनचूक होत होती. बिघडत होती ती सुरुवातीची तुलना. लिहिणाऱ्याने ‘दुसर’ एवढेच लिहून कळ दाबली तर त्यात साधा र आहे, आणि प्रमाण रूपातल्या ‘दुसऱ्या’मध्ये त्याच जागी ऱ आहे, म्हणून ‘दुसरा’ सुचवला जाई आणि ‘दुसऱ्या’ सुचवला जात नसे. जोडलेल्या रूपात अर्ध्यावर थांबलेला शब्द हा पूर्ण शब्दाची सुरुवात राहीलच, याची खात्री नसते. फोडलेल्या रूपात ती असते, कारण तिथे प्रत्येक पुढचे चिन्ह मागच्याला न बदलता नुसते पुढे येऊन बसते.

म्हणून तुलनेसाठी प्रत्येक शब्दाची एक ‘किल्ली’ करावी आणि ती नेहमी फोडण्याच्या दिशेने करावी. आधी एनएफडी हे विघटित रूप घ्यावे. हास्केलमध्ये ‘युनिकोड-ट्रान्सफॉर्म्स’ या पॅकेजात ते तयार मिळते. यात ऱ चा र आणि नुक्ता होतो. मग पुढचे छोटे फंक्शन चालवावे. प्रत्येक ओळीत डावीकडे लिस्टच्या डोक्याशी सापडलेली चिन्हे आहेत आणि उजवीकडे त्यांच्या जागी येणारी:

फोड (र : नुक्ता : हलन्त : जोडक : बाकी) = र : हलन्त : जोडक : फोड बाकी
फोड (र : नुक्ता : हलन्त : बाकी) = र : हलन्त : जोडक : फोड बाकी
फोड (र : नुक्ता : बाकी) = र : फोड बाकी
फोड (ॲ : बाकी) = अ : चंद्र : फोड बाकी
फोड (ऑ : बाकी) = आ : चंद्र : फोड बाकी
फोड (चिन्ह : बाकी) = चिन्ह : फोड बाकी
फोड [ ] = [ ]

पहिली ओळ अशा मजकुरासाठी आहे जिथे ऱ आणि हलन्त यांच्यापुढे कुणीतरी जोडकही टाकून ठेवलेले असते; ती नसेल तर दोन जोडके एकापुढे एक येतात. तिसऱ्या ओळीची गरज मला स्वतःला सुचली नव्हती. ती चाचणीने दाखवली, आणि ती हकीकत पुढे दिली आहे.

किल्ली फक्त तुलनेपुरती आहे. मजकुरात बसवायचा तो शब्द दस्तऐवजात जसा आहे तसाच बसवावा, नाहीतर लिहिणाऱ्याच्या नकळत त्याचे लेखन बदलू लागते. आणि दोन लेखनांतल्या चिन्हांची संख्या वेगळी असल्यामुळे, म्हणजे ऱ आणि हलन्त दोन पण र, हलन्त, जोडक तीन, ‘सुरुवातीची लांबी वजा करून उरलेले शेपूट जोडा’ हा सोपा मार्ग चुकतो. ‘बसव’मध्ये पूर्ण शब्द ठेवण्याचे कारण हे.

तुलना अक्षरांवर करावी की चिन्हांवर, हाही प्रश्न येतो. पडद्यावर ‘संत्र’ ही दोन अक्षरे दिसतात, आत ती स, अनुस्वार, त, हलन्त, र अशी पाच चिन्हे आहेत. तुलना चिन्हांवरच करावी. तसे केले तरच ‘संत्र’ लिहिल्यावर ‘संत्रा’, ‘संत्री’ आणि ‘संत्र्यांच्या’ हे तिन्ही शब्द मिळतात. दिसणाऱ्या अक्षरांवर तुलना केली तर ‘त्र’ आणि ‘त्री’ वेगळे ठरून यादी रिकामी येते.

पर्याय शोधणे

आता मुख्य फंक्शन. डाव्या भागाचे शब्दवर्ण नसलेल्या चिन्हांवर तुकडे करावेत, रिकामे तुकडे गाळावेत, पहिला तुकडा म्हणजे आपली सुरुवातच असल्याने तो सोडावा आणि उरलेला प्रत्येक तुकडा सुलटा करावा. डावा भाग उलटा ठेवलेला असल्यामुळे कर्सरच्या जवळचे शब्द आधी येतात. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. त्यानंतर उजव्या भागातले शब्द जोडावेत.

पर्याय स्थिती = वेगळे किल्ली (गाळ जुळतो (मागचे ++ पुढचे))

‘जुळतो’ म्हणजे शब्दाची किल्ली सुरुवातीच्या किल्लीने सुरू होते, पण तिच्याइतकीच नाही. ‘वेगळे’ हे पुनरावृत्ती काढते आणि तेही किल्लीवरून, म्हणजे दोन लेखनांतला ‘दुसऱ्या’ यादीत एकदाच येतो. ‘कंटेनर्स’ पॅकेजातले नब-ऑर्ड-ऑन हे फंक्शन नेमके हेच करते. सुरुवात रिकामी असेल, किंवा कर्सर शब्दाच्या मध्यात असेल, तर रिकामी यादी द्यावी.

हे एका वाक्यावर चालवून पाहू. मजकूर असा आहे: ‘फळगळ झाल्याने नुकसानभरपाई मिळावी, अशी विनंती आहे. नुक’, आणि कर्सर शेवटी आहे. सुरुवात ‘नुक’. मागे जाताना आधी ‘आहे’ मिळतो, तो जुळत नाही. मग ‘विनंती’, ‘अशी’, ‘मिळावी’, तेही नाहीत. मग ‘नुकसानभरपाई’ मिळतो आणि तो जुळतो. हास्केलचे मूल्यमापन आळशी असल्यामुळे, म्हणजे ती लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच मोजत असल्यामुळे, काम इथेच थांबते. ‘झाल्याने’ आणि ‘फळगळ’ या शब्दांपर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही, मग त्याआधी दस्तऐवजाची चाळीस पाने असली तरी फरक पडत नाही. आपण मात्र फंक्शन लिहिताना ‘सगळे शब्द घ्या, गाळा, वेगळे करा’ असेच सरळ लिहिले आहे. कुठे थांबायचे हे लिहिणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही, आणि फंक्शनल पद्धतीचा या कामातला सर्वांत मोठा आधार मला तरी हाच वाटतो.

पर्यायांचा क्रम जवळिकीवर असावा की वारंवारतेवर, यावर मतभेद आहेत. माझा कौल जवळिकीला आहे. अर्ज लिहिणारा माणूस ज्या परिच्छेदात आहे त्याच परिच्छेदातले शब्द पुन्हा वापरतो, आणि क्रम जवळिकीचा असला की कळ दाबल्यावर काय येणार याचा त्याला आधीच अंदाज येतो.

मराठीत शब्दाची रूपे शेवटाकडे बदलतात, म्हणून सुरुवातीवरून शोधणे तिला चांगले मानवते. अपवाद सामान्यरूपातल्या ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘नागपू’ लिहून कळ दाबली तर ‘नागपूरला’ मिळेल, ‘नागपुरात’ मिळणार नाही, कारण तिथे उकार ऱ्हस्व झाला आहे. यासाठी दुसरी, सैल किल्ली करता येते: पहिल्या किल्लीतल्या दीर्घ मात्रांच्या जागी ऱ्हस्व ठेवायच्या. सैल किल्लीने मिळालेले पर्याय नेमक्या पर्यायांच्या नंतरच जोडावेत, त्यांच्यात मिसळू नयेत. लिहिणाऱ्याने दीर्घ लिहिलेले एडिटरने पहिल्याच दाबात ऱ्हस्व केले, तर त्याला ती दुरुस्ती वाटते आणि सोयीवरचा विश्वास उडतो.

पुन्हा दाबल्यावर पुढचा पर्याय

बदलत्या चलांनी लिहिलेल्या एडिटरांत हा भाग फार किचकट होतो. आधी बसवलेला पर्याय किती लांबीचा होता ते लक्षात ठेवायचे, तेवढा पुसायचा, पुढचा बसवायचा, आणि मध्येच कर्सर हलला तर सगळे हिशेब चुकायचे. आपल्या मांडणीत स्थिती हे एक मूल्य आहे आणि नवी स्थिती तयार केल्याने जुनी नाहीशी होत नाही. म्हणून पुसण्याचा विचारच करू नये. कळ पहिल्यांदा दाबली त्या वेळची मूळ स्थिती जपून ठेवावी आणि प्रत्येक नवा पर्याय त्या मूळ स्थितीवरच बसवावा.

सत्र = (मूळ स्थिती, पुढचे पर्याय)
पुढचे पर्याय = फिरव (पर्याय मूळ ++ [सुरुवात मूळ])

‘फिरव’ यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून देते, म्हणजे ती कधीच न संपणारी यादी आहे. आळशी मूल्यमापनात असे लिहिणे चालते. यादीच्या शेवटी मूळ सुरुवात जोडल्याने दोन गोष्टी साधतात. सगळे पर्याय पाहून झाले की लिहिणारा जिथून निघाला तिथे परत येतो. आणि एकही पर्याय नसला तरी यादी रिकामी राहत नाही, कारण रिकाम्या यादीवर हास्केलचे ‘सायकल’ फंक्शन त्रुटी देऊन थांबते.

शब्दपूर्तीच्या कळीखेरीज दुसरी कोणतीही कळ दाबली की सत्र सोडून द्यावे. पूर्ववत करण्याच्या यादीत फक्त मूळ स्थिती टाकावी, मधले पर्याय टाकू नयेत, म्हणजे चार वेळा कळ दाबून निवडलेला शब्दही एकाच पूर्ववत आज्ञेने निघतो.

चाचण्या

आतापर्यंतच्या एकाही फंक्शनाने कळफलक वाचलेला नाही की पडद्याला हात लावलेला नाही. त्यामुळे त्यांची चाचणी एडिटर न उघडता होते. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेले क्विकचेक हे साधन इथे वापरावे. आपण नियम लिहायचा, आणि ते शेकडो यादृच्छिक उदाहरणे करून तो मोडतो का ते पाहते. मोडला तर मोडणारे उदाहरण जमेल तितके लहान करून समोर ठेवते.

मी पाच नियम ठेवले आहेत. किल्लीची किल्ली काढली तर ती तीच राहावी. प्रत्येक पर्यायाची किल्ली सुरुवातीच्या किल्लीने सुरू व्हावी. शब्द बसवल्यावर कर्सरच्या उजवीकडचा मजकूर जसाच्या तसा असावा. पर्यायांच्या संख्येपेक्षा एकदा जास्त कळ दाबली की मूळ स्थिती परत यावी. आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा: कोणताही शब्द कुठेही तोडला, तरी तोडलेल्या भागाची किल्ली ही पूर्ण शब्दाच्या किल्लीची सुरुवात असावी.

हा पाचवा नियम मोडला. क्विकचेकने उदाहरण दोन चिन्हांवर आणून ठेवले: ऱ आणि हलन्त. पूर्ण शब्दाची किल्ली र, हलन्त, जोडक अशी येत होती, पण हलन्ताच्या आधी तोडले तर एकट्या ऱ ची किल्ली र आणि नुक्ता अशीच राहत होती. म्हणजे ज्यांच्या कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, जशी ती इनस्क्रिप्टमध्ये असते, त्यांनी ‘दुसऱ’ एवढेच लिहून कळ दाबली असती तर त्यांना ‘दुसऱ्या’ मिळाला नसता. ‘फोड’मधली तिसरी ओळ त्या दिवशी आली.

क्विकचेकची तयार चिन्हे मात्र जशीच्या तशी वापरू नयेत. त्यांत देवनागरी क्वचितच येते आणि सगळे नियम खोटेच उत्तीर्ण होतात. देवनागरी पट्टा, जोडक, विलगक, रिकामी जागा आणि पूर्णविराम यांतून निवड करणारे छोटे जनक फंक्शन स्वतः लिहावे आणि त्यात र, नुक्ता, हलन्त व जोडक यांचे प्रमाण मुद्दाम वाढवावे.

एडिटरला जोडणे

कळा वाचणे आणि चित्र काढणे यांचे बाहेरचे कवच जितके पातळ ठेवता येईल तितके ठेवावे: कळ आली, शुद्ध फंक्शनला जुनी स्थिती दिली, नवी मिळाली ती दाखवली. टर्मिनलमध्ये मात्रांची रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी धरली जाते आणि कर्सर सरकतो, म्हणून मराठीसाठी मी जीटीके ही खिडक्या व बटणे काढणारी लायब्ररी वापरतो. अक्षरांची जुळणी तिथे पँगो आणि हार्फबझ या लायब्ररी नीट करतात.

चिन्हांची साधी लिस्ट मोठ्या मजकुराला जड जाईल का, ही शंका रास्त आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर अशा लिस्टमधले एक देवनागरी चिन्ह सुमारे ४० बाइट घेते, त्यातले २४ लिस्टच्या कडीचे आणि १६ चिन्हाचे. एक लाख चिन्हांच्या मजकुराला म्हणजे ४० लाख बाइट. अर्जाला ते सहज परवडते. त्याहून फार मोठ्या फायली उघडायच्या असतील तर चालू परिच्छेदापुरते झिपर ठेवावे आणि बाकीचे परिच्छेद ‘टेक्स्ट’ या आवळ मांडणीत ठेवावेत. तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आतला मजकूर यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत असतो आणि एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट पुरतात.

जुन्या फायलींतले शब्दही सुचवायचे असतील तर प्रत्येक वेळी त्या चाळण्यापेक्षा एक कोश करून ठेवावा: किल्लीवरून शब्द आणि तो किती वेळा आला ती संख्या. इथे पुष्कळ जण थेट ट्राय या झाडाकडे, म्हणजे शब्दांच्या सामाईक सुरुवाती एकाच फांदीवर ठेवणाऱ्या मांडणीकडे, वळतात. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली त्याला हे नाव दिले. ट्राय चांगलीच आहे, पण सुरुवात क्रमवार ‘मॅप’ने, म्हणजे किल्लीवरून मूल्य देणाऱ्या तक्त्याने, करावी. किल्ल्या क्रमाने लावलेल्या असल्या की एकाच सुरुवातीचे सगळे शब्द शेजारी शेजारी येतात, त्यामुळे मॅप त्या जागी दुभंगून पुढच्या किल्ल्या जुळत आहेत तोवर घेतल्या की झाले. कोश भरताना काटेकोर, म्हणजे लगेच मोजणारे, ‘फोल्ड-एल’ (यादीतली एकेक गोष्ट क्रमाने जमा करणारे फंक्शन) आणि काटेकोर मॅप वापरावा. आळशीपणा शोधताना जितका कामाचा आहे तितकाच तो मोजताना अडचणीचा, कारण न केलेल्या बेरजांचा ढीग मेमरीत साचत जातो.

कोशातून येणारे शब्द चालू दस्तऐवजातल्या शब्दांच्या नंतर जोडावेत, आणि कोशात किमान दोनदा आलेलेच शब्द सुचवावेत. काकूंच्या जुन्या फायलींत एके ठिकाणी ‘नुकसानभपराई’ असे टाइप झालेले होते. ही अट घालण्यापूर्वी तो शब्द नव्या अर्जांत पर्याय म्हणून पुढे येऊ लागला होता, आणि घाईत कळ दाबणाऱ्याला ती उलटापालट दिसतही नव्हती. एखादा चुकीचा शब्द दोनदा आलाच, तर पर्याय पडद्यावर असताना कंट्रोल आणि डिलीट दाबून त्याची किल्ली वगळलेल्या शब्दांच्या संचात टाकता यावी, आणि ‘गाळ’च्या अटीत तो संच तपासला जावा. तो संच मी वेगळ्या साध्या मजकूर फायलीत ठेवतो, म्हणजे चुकून वगळलेला शब्द तिथून हाताने पुसून परत आणता येतो.